साथीच्या काळातली फिरती: कोकणातल्या कृषी सहायकांनी स्वतःला कसं जपावं

मे २०२०, कोविडची साथ चालू. रोहिणी लागायला चार दिवस उरले होते. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बादली मांडली, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवलं आणि त्यात भाताचं बी ओतलं. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाशी बसतो. तरंगता काढून टाकायचा, तळाचा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचा. कृषी सहायक म्हणून हे प्रात्यक्षिक मी वर्षानुवर्षं करत आले आहे, आणि ते बघताना माणसं वर्षानुवर्षं बादलीवर वाकत आली आहेत. त्या दिवशीही वाकली. एका बादलीवर अकरा डोकी. तिघांच्या तोंडाला रुमाल, बाकीच्यांचे गळ्यात. मधोमध मी. एका आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून मी मास्क खाली ओढून मोठ्याने बोलत होते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ती अकरा डोकी डोळ्यांपुढे आली आणि झोप उडाली. बियाण्याला काय चोळायचं, किती वेळ ठेवायचं, सगळं तोंडपाठ. आपण स्वतः कसं राहायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं दापोलीच्या किनारपट्टीत फिरताना चुकतमाकत जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. कागदावर आता आपण सहायक कृषी अधिकारी झालो असलो तरी वाडीत अजून कृषी सहायकच आहोत, म्हणून तोच शब्द वापरते. शेती विस्ताराच्या ‘आत्मा’ योजनेचे कर्मचारी, कृषी विज्ञान केंद्रातले सहकारी, कृषिमित्र, गटांबरोबर काम करणाऱ्या संस्थांची मुलं, सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट मनात पक्की धरा. कोकणात साथ एकटी येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा झोपवून गेलं, तेव्हा टाळेबंदीला जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. मे २०२१ मध्ये दुसरी लाट जोरात असताना तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासत गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली. म्हणून इथली तयारी पाऊस, वारा, चिखल आणि बंद पडलेला मोबाइल हे सगळं धरूनच करावी लागते.

पहिली पायरी: आपलं राहणं ठरवा

साथीची बातमी आली की त्याच आठवड्यात हे उरकून घ्या. आपल्यातले बरेच जण मुख्यालयाला भाड्याच्या खोलीत राहतात आणि घर दुसऱ्या तालुक्यात असतं. घरी साठीच्या पुढचं माणूस असेल, कुणाला मधुमेह, दमा, हृदयाचं दुखणं असेल, कुणी गरोदर असेल, तर साथ चढती असेपर्यंत एकतर घरूनच ये-जा करायची आणि घरात वेगळ्या खोलीत राहायचं, नाहीतर मुख्यालयालाच थांबायचं. शनिवारी घरी आणि सोमवारी परत, हा मधला मार्ग सगळ्यात वाईट. आठवडाभर वाड्यांतून जे काही गोळा केलं असेल, ते नेमकं म्हाताऱ्या माणसापाशी नेऊन पोचवायचं, असंच ते होतं.

मी एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत खोलीवर राहिले. मुलगा चिपळूणला सासूबाईंकडे. दिवसातून एकदा, रात्री साडेआठला, ठरलेला फोन. वेळ ठरलेली असली की मूल दिवसभर वाट बघत बसत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

खोलीच्या मालकांशी आधीच बोला. "उद्या मला ताप आला तर मी इथेच राहीन, जेवण दाराबाहेर ठेवायची सोय कोण करील?" हा प्रश्न ताप यायच्या आधी विचारला तर उत्तर बरं मिळतं. ताप आल्यावर विचाराल तर समोरचाही घाबरलेला असतो. २०२० मध्ये माझ्या ओळखीतल्या दोघांना रातोरात खोली सोडावी लागली.

नेहमीच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घेऊन ठेवा. एका कागदावर रक्तगट, चालू औषधं, कशाची अॅलर्जी आहे ते, घरचा आणि डॉक्टरांचा नंबर लिहून तो ओळखपत्रामागे घाला. मोबाइल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही. निसर्गनंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. तेव्हा हा कागद खरोखर कामाला आला.

लस निघाली की आपला क्रम लागेल त्या दिवशी घ्या. लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फिरती ठेवू नका. अंग दुखतं, कणकण येते, आणि गाडीवर घाट उतरताना ती नको असते.

दुसरी पायरी: फिरती नव्याने मांडा

संभाव्य फिरती कार्यक्रम नेहमीच्या साच्यात लिहून टाकायची सवय असते. साथीत तो साचा मोडा. वहीत महिन्याची सगळी कामं लिहा आणि तीन रकाने पाडा: फोनवर होणारं, शेतात एकट्याने होणारं आणि माणसांत बसूनच होणारं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मलाच नवल वाटलं. निम्म्याहून जास्त काम पहिल्या दोन रकान्यांत गेलं. कीडरोगाचं निरीक्षण, फळबाग लागवडीचे खड्डे तपासणं, मातीचा नमुना घेणं, तरवा (भाताची रोपं) बघणं, यातल्या कशालाच गर्दी लागत नाही. आपण ती सवयीने जमवतो.

फोनवरचा सल्ला नीट व्हावा म्हणून शेतकऱ्याला फोटो काढायला शिकवा. पानाची वरची बाजू, खालची बाजू, शेजारी अंदाजासाठी नाणं, आणि मग लांबून अख्खं झाड किंवा अख्खी खाचरं. मोहोरावरचे तुडतुडे आणि भातावरचे निळे भुंगेरे यावर मी त्या दोन हंगामांत बहुतेक सल्ला असाच दिला. एका वाडीत एक माणूस पक्का करा, शक्यतो स्मार्टफोन असलेला कॉलेजातला मुलगा किंवा बचत गटातली ताई. तिने वाडीतले प्रश्न गोळा करून एकदम पाठवायचे.

गावात जायच्या आदल्या संध्याकाळी सरपंच, पोलीस पाटील किंवा साथीसाठी नेमलेल्या ग्राम कृती दलातल्या कुणाला तरी फोन करा. दोनच गोष्टी विचारा: कुठल्या वाडीत आजारी आहेत, आणि उद्या बाहेरच्याने आलेलं चालेल का. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले होते. चाकरमानी मुंबईहून येत होते, शाळांमध्ये विलगीकरण चालू होतं, माणसं धास्तावलेली होती. अशा वेळी "मी सरकारी माणूस आहे" असं म्हणून बांबू उचलायला जाऊ नका. आदेशाची प्रत दाखवा, ऐकलं तर आत जा, नाहीतर गावकऱ्यालाच वेशीवर बोलवा. मी एका गावाचं अख्खं खरीप नियोजन वेशीवरच्या फणसाखाली बसून केलं आहे. काही बिघडलं नाही.

दिवसाचा क्रम असा लावा: जिथे आजार नाही ती गावं आधी, जिथे आहे ते सगळ्यात शेवटी, आणि तिथून थेट खोलीवर. एका दिवसात दोन घाट्या चढायची-उतरायची गावं घेऊ नका. थकलेल्या माणसाचा मास्क आधी सुटतो. वडापच्या जीपमध्ये बसायची वेळ आलीच तर खिडकीशी बसा, काच खाली ठेवा आणि आत बोलू नका.

पिशवीबद्दल थोडक्यात

पाच मास्क, पाच कागदी पिशव्या. आज वापरलेला एन-९५ आजच्या पिशवीत, पुन्हा त्याला हात पाच दिवसांनी. फाटला, भिजला, मळला की टाकून द्या. साबणाची वडी आणि दोन लिटर पाण्याची बाटली हवीच. चिखलाच्या हातावर सॅनिटायझर चोळून फारसं काही होत नाही, आधी साबणानेच धुवायचं. सॅनिटायझर लावून लगेच चुलीपाशी जाऊ नका, तो पेट घेतो. आपलं पेन आपल्यापाशी, शेतकऱ्याच्या सहीसाठी दुसरं. उन्हाच्या दिवसांत एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरून न्या. मास्क लावून दमट हवेत चढण चढताना पाणी प्यायचं राहून जातं आणि चारच्या सुमाराला डोकं धरतं. कोकम सरबत आवडत असेल तर तेही चालेल, मीठ विसरू नका.

माजघरात नको, खळ्यात बसा

पहिल्या वर्षी आम्ही उलटंच करत होतो. अर्जांचे कागद उन्हात वाळत घालत होतो, रजिस्टर पुसत होतो, आणि आढावा बैठकीला मात्र वीस-वीस माणसं दारं-खिडक्या लावून पंख्याखाली बसत होती. नंतर उलगडलं की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो आणि बंद खोलीत तो साचतो. पुढची साथ श्वासाची असेल तर हे पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. हात धुवावेतच, पण सगळा भर वाऱ्यावर ठेवा.

आपल्या घरांची ठेवण या बाबतीत सोयीची आहे. खळं सगळ्यात चांगलं, पावसात पडवी चालेल, माजघर नको. वारा आडवा जाईल असं बसा, म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही. सहा फुटांचं अंतर सांगून कुणी पाळत नाही, म्हणून मी खळ्यात सुंभाच्या दोरीने खुणा करायला लागले. माणसं आपसूक तिथे बसतात.

प्रात्यक्षिकाची पद्धतही बदलली. बादलीला मी आता हात लावत नाही. घरातल्या एका बाईला पुढे करते, सहा फुटांवर उभी राहते आणि तोंडाने सांगते: मीठ घाला, ढवळा, बी ओता, पाच मिनिटं थांबा. बघणारे चार-चार जणांनी येतात. वेळ दुप्पट लागतो, हे खरं. पण जिने स्वतःच्या हाताने पोचट दाणा काढला, तिने पुढच्या वर्षी मला न विचारता ते केलं. साथ ओसरल्यावरही मी ही पद्धत सोडली नाही.

आता चहा. हा विषय छोटा वाटेल, पण साथीत मला सगळ्यात अवघड हाच गेला. कोकणात दारात आलेल्या माणसाला कोरडं पाठवत नाहीत, आणि "नको" म्हटलं की घरातल्या बाईचा चेहरा पडतो. त्यातून त्या काळात "नको" या शब्दाला वेगळाच वास यायला लागला होता, आमच्या हातचं चालत नाही की काय असा. मी दोन-तीनदा घाईत "नको, नको" म्हणाले आणि माझ्या मागे काय बोललं गेलं ते मला दुसऱ्या वाडीत कळलं. मग एक वाक्य ठरवलं. दारात पोचल्या पोचल्या, काही विचारायच्या आत, आपणच म्हणायचं: "काकू, आज मी पाच घरं फिरून आले आहे. माझ्यामुळे तुमच्या घरात काही यायला नको. चहा उधार ठेवा, साथ गेली की येऊन पिते." आजार माझ्याकडून त्यांच्याकडे जाईल, असं सांगितलं की अपमान उरत नाही. काही जणींनी चहाऐवजी चार कैऱ्या, एखादा फणसाचा गरा बांधून दिला. तो घ्यावा. धुऊन खाता येतो, आणि देणाऱ्याचा हात रिकामा राहत नाही.

पाऊस लागला की

जूनपासून मास्क भिजतो. भिजलेल्या मास्कमधून धड श्वास घेता येत नाही आणि गाळणंही होत नाही. पावसाळ्यात रोज दोन जादा मास्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रेनकोटच्या आत ठेवा. शेतात एकटे असाल तर मास्क काढून ठेवा. मोकळ्या खाचरात एकट्या माणसाला त्याची गरज नाही, आणि घुसमटून चक्कर येण्यापेक्षा ते बरं.

खरी अडचण तापाची. कोकणात जुलै ते ऑक्टोबर ताप म्हणजे काहीही असू शकतो: लेप्टो, डेंग्यू, मलेरिया किंवा चालू साथ. लेप्टोत पोटऱ्या फार दुखतात आणि डोळे लाल होतात. उंदराच्या मुतामुळे दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे तो शिरतो. म्हणून गमबूट घाला, पायाला चीर असेल तर आधी नीट झाका. लावणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सीसायक्लिनची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या, मनाने नको. दक्षिणेकडे दोडामार्ग-बांदा भागात काजूच्या हंगामात माकडतापाचीही भर पडते. तो गोचिडीने होतो. तिथल्या सहकाऱ्यांनी पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट आणि घरी आल्यावर अंग नीट तपासणं हे सोडू नये.

ताप आला की पॅरासिटामॉल घ्या. दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. डेंग्यू असेल तर ती रक्तस्रावाचा धोका वाढवते. आणि दुसऱ्या दिवशी तपासणी.

पंचनामा आणि दुसऱ्याचा राग

निसर्गनंतरच्या पंचनाम्यांत तलाठी, ग्रामसेवक आणि मी असे तिघं आगरांतून फिरत होतो. माड मधोमध मोडलेले, पोफळी (सुपारीची झाडं) एकावर एक पडलेल्या, पायवाट दिसत नव्हती. एका आगरात मालक पडलेल्या पोफळीवर बसून होते. आगर आठ गुंठ्यांचं. फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर झाली होती. त्यांनी विचारलं, "म्हणजे मला किती?" मी मनात हिशोब केला आणि सांगितलं, चार हजार. पोफळ लावल्यावर धरायलाच पाच-सहा वर्षं जातात, आणि ती बाग त्यांच्या वडिलांनी लावलेली. ते काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगा बोलला, बरंच बोलला, आणि ते सगळं माझ्या तोंडावर बोलला.

आपल्या कामात थकवा इथून येतो. चालून आलेला थकवा जेवून-झोपून जातो. आपण न घेतलेल्या निर्णयाचा आकडा आपल्या तोंडाने सांगायचा, समोरच्याचं दुःख ऐकायचं आणि वर त्याचा रागही झेलायचा, हा थकवा साठत जातो. साथीत त्यात भीतीची भर पडते. त्याच्यासाठी मी जे करते ते सांगते.

आकडा सांगायच्या आधी झाडं मोजा, आणि मालकाला बरोबर घेऊन मोजा. किती पडली, किती उभी आहेत, कुठला माड वाचेल. माणसाला आपलं नुकसान कुणीतरी नीट बघितलं असं वाटलं पाहिजे. आकडा सांगताना "सरकारचा दर असा आहे, तो मी ठरवलेला नाही, तुमची तक्रार मी लिहून घेते" एवढंच बोला आणि खरोखर त्याच्यासमोर लिहा. दराची बाजू घेऊ नका, दरावर तोंडसुखही घेऊ नका. राग चढला तर पाच मिनिटं बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फोटो काढा. दिवसाला किती पंचनामे करायचे याची मर्यादा तिघांनी मिळून सकाळीच ठरवा. आम्ही पहिल्या तीन दिवसांत जेवढे उरकले, त्यातल्या चुका दुरुस्त करण्यात पुढचा आठवडा गेला. आणि एकट्याने जाऊ नका. दुसरा माणूस बरोबर असला की अर्धा राग वाटला जातो.

संध्याकाळ आणि रात्र

खोलीवर आलात की चप्पल-गमबूट बाहेर, कपडे थेट साबणाच्या पाण्यात, आंघोळ, मग चहा. अर्ध्या तासात उरकतं. त्याच्या पुढचे तास सांभाळायला जास्त कठीण.

२०२० चा आंबा हंगाम आठवा. वाहनांचे परवाने, मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवणं, वाशीचा बाजार मध्येच बंद, आणि या सगळ्याचे फोन आमच्याकडे. रात्री अकराला बागायतदार, सकाळी सहाला ग्राहक. फोन उशाशी घेऊन झोपणारी माणसं महिनाभरात चिडचिडी होतात. मी झाले होते. वेळ ठरवा आणि ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लिहून ठेवा: सकाळी आठ ते रात्री आठ. त्यानंतर घर आणि वरिष्ठ एवढेच. पहिला आठवडा माणसं कुरकुरतात, मग सरावतात.

एक सोबती ठरवा. शेजारच्या सजाचा सहकारी, बॅचमेट, कुणीही, पण तो याच कामातला हवा. रोज रात्री दहा मिनिटं फोन. आम्ही तीन प्रश्न ठरवले होते: आज जेवलीस का, ताप-खोकला आहे का, आणि आज सगळ्यात जड काय गेलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीला "काही नाही" असंच यायचं. दहा-बारा दिवसांनी खरं यायला लागलं. माझी सोबतीण एका रात्री म्हणाली, "मला आता फोनची रिंग वाजली की पोटात गोळा येतो." तेव्हा कळलं की पाणी कुठवर आलं आहे.

अशा खुणा ओळखा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप न लागणं, जेवण तोंडात फिरणं, लहानशा गोष्टीवर रडू किंवा राग येणं, गावात जायच्या नुसत्या विचाराने धडधडणं, कुणाशीच बोलू नये असं वाटणं, रोज संध्याकाळी दारू लागणं. यातलं काही असेल तर बोला. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर तो फोन उद्यावर टाकू नका, आणि त्या रात्री एकट्याने राहू नका. सोबत्याच्या बोलण्यातून तसं जाणवलं तर विचारायला कचरू नका. विचारल्याने ते वाढत नाही.

पर्यवेक्षक आणि मंडळ अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. रात्री दहाला ग्रुपवर तक्ता मागू नका. आणि आठवड्यातून एकदा, कुठल्याही आकड्याशिवाय, आपल्या प्रत्येक माणसाला फोन करा.

ताप आला तर

आपली सगळ्यात मोठी खोड म्हणजे दुखणं अंगावर काढणं. मीही काढलं. ऑगस्ट २०२० मध्ये गणपतीला आठवडा उरला होता, मला कणकण आली. पावसात भिजले होते, तेच असेल म्हणून गोळी घेऊन दोन दिवसांत तीन वाड्या केल्या. पाऊस होता म्हणून दोन घरांत पडवीचं प्लास्टिक खाली सोडून आत बसून सह्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी तपासणी केली, पॉझिटिव्ह. ती दोन्ही घरं बंद झाली. गणपती आणायचा पाट मूर्ती घडवतात त्या शाळेत शेजाऱ्यांनी नेला, मूर्ती आणून खळ्यात ठेवली, आणि आरतीला दारात कुणी आलं नाही. घरात कुणी फार आजारी पडलं नाही, एवढी देवाची कृपा. त्यातल्या एका घरातल्या आजी मला नंतर म्हणाल्या, "ताई, ताप होता तर सांगायचं होतंत. शेत काय पळून जात होतं?"

म्हणून: कणकण आली त्याच तासाला फिरती थांबवा आणि पर्यवेक्षकांना लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल. मागच्या दोन-तीन दिवसांत कुठल्या घरांत बसलात ते दैनंदिनीवरून काढा आणि त्यांना आपणच फोन करा. गावाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं त्यांना बरं वाटतं.

घरीच राहायला सांगितलं असेल आणि आजार छातीचा असेल तर ऑक्सिमीटरने दिवसातून तीन-चारदा मोजा. बोट कोमट हवं, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली तर १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय. बसून आकडा चांगला दिसत असेल तर खोलीत सपाटीवर सहा मिनिटं चाला आणि पुन्हा मोजा. तीन किंवा जास्त अंकांनी उतरला तर डॉक्टरांना सांगा. मुळातच धाप लागत असेल तर ही चाचणी करू नका. गाडी येईपर्यंत पालथं झोपल्याने श्वास थोडा मोकळा होतो. धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काही दिसलं तर आकड्याची वाट बघू नका. आपल्याकडे रुग्णवाहिका यायला आणि घाट उतरायला वेळ लागतो. तो वेळ धरूनच लवकर निघा.

कागदाचंही बघा. चेकपोस्टवर, सर्वेक्षणाला, विलगीकरण केंद्रावर पाठवलं असेल तर लेखी आदेश मागून घ्या आणि त्याचा फोटो घरच्या एका माणसाकडे पाठवा. २०२० मध्ये राज्य सरकारने कोविड कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ५० लाखांचं सहाय्य जाहीर केलं, पण कर्तव्यावर असल्याचा पुरावा लागणारच. फोनवरून मिळालेला तोंडी आदेश तिथे टिकत नाही. "मॅडम, उद्या जरा नाक्यावर जाऊन बसा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे म्हणा, "जाते साहेब, एवढा मेसेज टाकून ठेवा."

पुन्हा उभं राहताना

बरं झालं की दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखं होत नाही. मला जिना चढतानाही थांबावं लागायचं. पहिला आठवडा फोन आणि कागद. दुसरा आठवडा सड्यावरची, म्हणजे वरच्या सपाटीवरची, गाडी दारापर्यंत जाणारी गावं, दिवसाला एक. पाखाडीच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढायची गावं तिसऱ्या आठवड्यानंतर, आणि तीही सकाळी, पोटात काहीतरी घालून. चालताना बोलता येत नसेल तर थांबा आणि पाणी प्या. छातीत दुखलं किंवा धडधड थांबली नाही तर परत फिरा आणि डॉक्टरांना दाखवा.

ज्या गावात उतरणं जमत नसेल तिथल्या माणसाला वर बोलवा, अजिबात संकोच करू नका. मी खालच्या वाडीच्या दादांना फोन केला होता, "दादा, अजून दम लागतो, मातीचा नमुना तुम्हीच घेऊन याल का?" व्ही आकाराचा खड्डा कसा घ्यायचा, किती ठिकाणची माती मिसळायची, तेही फोनवरच सांगितलं. अर्ध्या तासात ते डोक्यावर इरलं आणि हातात पिशवी घेऊन वर आले. माती बरोबर काढलेली होती, वर चिठ्ठीवर गट नंबर लिहिलेला होता.